फायबरायझरचा हॅमर हंगाम उरकण्याआधीच का संपतो, आणि नव्या धातूंपैकी आपल्या कामाचे कोणते

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत हार्डफेसिंगचे, म्हणजे झिजणाऱ्या भागांवर वेल्डिंगने कठीण धातूचा थर (भरणी) चढवण्याचे, वर्कशॉप चालवणाऱ्या एका तरुण उद्योजकाने प्रश्न विचारला आहे. ते परिसरातील साखर कारखान्यांना फायबरायझरचे, म्हणजे गाळपाआधी ऊस कुटणाऱ्या यंत्राचे, हॅमर भरून देतात. हॅमर गळीत हंगामाच्या मध्यातच उतरवावे लागतात आणि काहींची टोके तर तुटूनच पडतात. हाय एन्ट्रॉपी मिश्रधातू, नॅनो पोलाद, लेसर क्लॅडिंग, धातूचे थ्रीडी प्रिंटिंग, संगणकाने शोधलेली लाखो नवी द्रव्ये, असे बरेच काही ते वाचत असतात. यांपैकी नेमके काय घ्यावे, आणि त्यासाठी कर्ज काढावे का, असे त्यांनी विचारले आहे. सोबत त्यांनी दोन तुटलेली टोकेही पाठवली.

मिरजेत धातूंची तपासणी आणि हीट ट्रीटमेंट या कामात माझी तीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तराची सुरुवात मी त्या टोकांपासूनच करतो. धातू नवा घ्यायचा की जुना, हे ठरवण्याआधी आताचा धातू कशाने मरतो आहे ते पाहणे भाग आहे. तुमच्या दोन टोकांच्या मरणाची कारणे दोन आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिले टोक तुटलेले आहे. तुटलेल्या तोंडाकडे साध्या भिंगातून पाहिले तर त्याचा अर्धा भाग काळपट-तांबूस दिसतो आणि उरलेला अर्धा राखाडी, चकचकीत आणि दाणेदार दिसतो. तांबूस भाग रसाने आणि हवेने गंजलेला आहे, म्हणजे तिथे तडा बरेच दिवस आधीपासून होता; चकचकीत भाग शेवटच्या फटक्याला तुटला. तडा भरणीतून आत आलेला नाही. भरणी आणि मूळ पोलाद यांच्या सांध्याखाली, सांध्याला समांतर असा तो गेला आहे. टोक मधोमध कापून, पॉलिश करून, नायटल (रचना उघड करणारे आम्लाचे द्रावण) लावून पाहिले तेव्हा सांध्यालगतचा एक चिंचोळा पट्टा विकर्स या कठीणपणाच्या मापाने ५०० च्या वर निघाला. हा हायड्रोजनचा तडा आहे. ईएन-८ सारख्या मध्यम कार्बनच्या पोलादावर थंडपणी वेल्डिंग केले की सांध्यालगतचा भाग झटकन थंड होऊन ठिसूळ मार्टेन्साइट होतो, म्हणजे लोहाराने पाणी द्यावे तसे त्याला नकळत पाणी दिले जाते. आणि वेल्डिंगच्या रॉडच्या ओलसर लेपातून आलेला हायड्रोजन त्या ठिसूळ भागात साठून काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, तडा पाडतो. संध्याकाळी टेबलावर शाबूत दिसलेला हॅमर सकाळी आतून फाटलेला असतो तो यामुळे.

या दोषाला कोणताही नवा धातू नको आहे. लो-हायड्रोजन रॉड ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तास-दोन तास भाजून घ्यावेत आणि भाजलेले रॉड गरम डब्यातूनच वापरावेत. मूळ हॅमर दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत तापवून मगच भरणी सुरू करावी, कठीण थराखाली स्टेनलेसचा एक मऊ बफर थर द्यावा, आणि काम झाल्यावर हॅमर राखेत किंवा चुन्यात दाबून सावकाश थंड होऊ द्यावा. तुमच्याकडे हंगामापूर्वीची भरणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसाळी हवेत होते, आणि रॉडचे पाकीट फोडलेले तसेच बाकावर पडलेले असते, असा माझा अंदाज आहे. चुकीचा असेल तर आनंदच आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी: हॅमर मँगनीज पोलादाचा असेल तर हे सगळे उलटे होते. ते पोलाद तापवायचे नसते, उलट भरणीच्या दोन पदरांमध्ये ते हाताला सोसेल इतके निवू द्यायचे असते, कारण जास्त तापल्यास त्यात कार्बाइड (कार्बन आणि धातू यांचे कठीण संयुग) बाहेर पडून ते ठिसूळ होते. चुंबक लावून पाहावे. मँगनीज पोलादाला चुंबक जवळपास चिकटत नाही.

मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे होते, आणि त्यांचे वंशज आजही भोपळा हाताने ठोकून आवाजावरून पारखतात. हॅमरही दोरीला टांगून ठोकून पाहावा. शाबूत हॅमर घंटेसारखा वाजतो, आतून फाटलेला बद्द आवाज देतो. ही तपासणी फुकट आहे. ती सगळे तडे पकडत नाही, म्हणून नंतर डाय पेनिट्रंट (तडे दाखवणारा रंग) हीही मारावे, पण वर्कशॉपमधून माल बाहेर पडण्यापूर्वी निदान एवढे तरी व्हावे.

दुसरे टोक तुटलेले नाही, झिजलेले आहे. आणि नव्या संशोधनाचा संबंध येतो तो इथे.

उसाने हॅमर झिजतो असे आपण म्हणतो, पण ऊस स्वतः फार थोडा झिजवतो. उसाच्या पानाची कड हात कापते ती तिच्यातल्या सिलिकामुळे, हे खरे. पण हॅमरला खरा खाऊन टाकते ती उसाबरोबर येणारी माती, यार्डातला मुरूम आणि पाचटातली धूळ. नोव्हेंबरात ओल्या रानातून निघालेल्या उसाच्या बुडख्याला चिकटलेला चिखल पाहिला की त्या पंधरवड्यात हॅमरचे काय होणार ते सांगता येते. झिजेचा नियम असा आहे की, घासणाऱ्या कणाच्या कठीणपणाच्या मानाने घासला जाणारा धातू बराच मऊ असेल तोवर झीज जोरात चालते, आणि धातूचा कठीणपणा कणाच्या कठीणपणाच्या साधारण आठ-दशांशाच्या पुढे गेला की झीज एकदम पडते. मधल्या पट्ट्यात थोडाही फरक मोठा परिणाम करतो.

पुस्तकांतील तक्ते गृहीत धरतात की घासणारा कण म्हणजे क्वार्ट्झ, आपल्या भाषेत गारगोटी. तिचा कठीणपणा विकर्स मापाने १००० ते ११०० असतो. साधे पोलाद १५० च्या आत-बाहेर, पाणी दिलेले उत्तम पोलाद ७०० ते ८००, क्रोमियम कार्बाइड १३०० ते १८००, आणि निओबियम, टंगस्टन किंवा टायटॅनियम यांची कार्बाइडे २००० च्या वर. तक्त्यावरून उत्तर सरळ दिसते: गारगोटीपेक्षा कठीण कार्बाइड हवे. परंतु कृष्णाकाठची माती गारगोटीची नाही. आपली जमीन काळ्या कातळापासून, म्हणजे बेसॉल्टपासून झालेली आहे, आणि बेसॉल्टमध्ये मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे असतात. त्यांचा कठीणपणा ७०० च्या आसपासचा असतो. गारगोटी येते ती कातळाच्या पोकळ्यांतून सुटलेली, तीही थोडी. म्हणजे वाळवा-पलूसच्या काळ्या रानातला ऊस आणि शिराळ्याच्या पश्चिमेकडच्या तांबड्या मातीतला ऊस हॅमरला सारखाच वागवेल असे धरून चालू नये, आणि वालुकामय प्रदेशातल्या कारखान्यांवर झालेल्या चाचण्यांचे आकडे विक्रेत्याने दाखवले तर ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडतील असेही नाही. आपल्याकडे बारीक आणि चिवट रचनेचे ७०० विकर्सचे पोलाद अपेक्षेपेक्षा बरे चालू शकते. हे तपासायचे असेल तर केन कॅरियरखालची (ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याखालची) बादलीभर माती धुऊन, चाळून, वाळवून भिंगाखाली पाहावी. पारदर्शक, काचेसारखे, धारदार कण किती आहेत ते तासाभरात कळते.

आता भरणीकडे. तुम्ही वापरता तो रॉड उच्च कार्बन-क्रोमियमचा आहे, आणि त्याच्या पाकिटावर ६० रॉकवेल (कठीणपणाचे दुसरे माप) असे लिहिलेले असते. हा आकडा फसवा आहे. ६० रॉकवेल म्हणजे सुमारे ७०० विकर्स. हे मोजमाप कार्बाइड आणि त्याभोवतीचा मऊ धातू यांची सरासरी दाखवते. एकाच आकड्याच्या दोन भरण्यांपैकी एकीत मोठी कार्बाइडे भरपूर आणि दुसरीत नुसते मार्टेन्साइट असू शकते, आणि गारगोटीपुढे दोघींच्या आयुष्यात कित्येक पटींचा फरक पडतो.

शिवाय पाकिटावरची रचना हॅमरवर उतरतच नाही. आर्क वेल्डिंगमध्ये खालचे पोलाद वितळून भरणीत मिसळते, आणि पहिल्या थरात ही भेसळ सहज ३० टक्के होते. रॉडमध्ये ४.५ टक्के कार्बन असेल आणि खालच्या पोलादात ०.४, तर पहिल्या थरात उरतो सुमारे ३.३ टक्के. कार्बन इतका घसरला की पेन्सिलीसारखी उभी वाढणारी, षट्कोनी छेदाची मोठी प्राथमिक कार्बाइडे जवळजवळ नाहीशी होतात. तुमच्या टोकाच्या छेदात अगदी हेच दिसले: वरच्या पातळ पट्टीत ती षट्कोनी कार्बाइडे दाट होती, आणि त्याखाली नुसती बारीक जाळी होती. हॅमर वरची पट्टी संपेपर्यंत टिकला आणि मग भराभर गेला. यावर पहिला उपाय अँपिअर कमी करणे, रॉड जास्त न रेंगाळवणे आणि पुढचा पदर मागच्या पदरावर निम्म्याने चढवणे हा आहे. यालाही पैसे लागत नाहीत.

एवढे झाल्यावर जे नवीन आहे त्याकडे वळू. माझ्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झिजेच्या धातूंत जी खरी प्रगती झाली ती नव्या मूलद्रव्यांत झालेली नाही. ओळखीच्या लोखंडाच्या आतली रचना किती बारीक करता येते, आणि ती करताना खालच्या धातूला किती कमी उष्णता द्यावी लागते, या दोन गोष्टींत ती झाली आहे. तुमच्या दोन्ही टोकांचे आजारही नेमके हेच आहेत: रचना भरड आणि उष्णता बेताल.

रचनेच्या बाजूने सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे निओबियम आणि बोरॉन असलेले लोहाधारित रॉड आणि वायर. निओबियम कार्बाइड वितळलेल्या भरणीत सगळ्यांत आधी, अगदी बारीक दाण्यांच्या रूपात बाहेर पडते. यात एक गमतीची गोष्ट आहे. या कार्बाइडची घनता लोखंडाच्या जवळपास आहे, त्यामुळे ते दाणे ना बुडत ना तरंगत, सगळीकडे सारखे पसरून राहतात. टंगस्टन कार्बाइड लोखंडाच्या जवळपास दुप्पट जड, म्हणून तळाला बसते आणि शिवाय विरघळतेही. टायटॅनियम कार्बाइड हलके, म्हणून वर येते. बोरॉनच्या मिश्रधातूंत बोराइड आणि कार्बाइड यांचे दाणे इतके बारीक होतात की त्यांच्यामधला मऊ धातू आपल्या मातीच्या कणाला कुरतडायला सापडत नाही. मोठी कार्बाइडे विखुरलेली असली तर कण त्यांच्यामधली जागा आधी खातो, आणि आधार गेलेले कार्बाइड टवका उडून जाते. हे रॉड महाग आहेत, साध्या रॉडच्या कित्येक पट. पण ते तुमच्या आताच्याच मशीनवर चालतात, म्हणून प्रयोग करायचा तर मी इथून करीन.

उष्णतेच्या बाजूने लेसर क्लॅडिंग आहे. पावडर आणि लेसरचा झोत एकाच ठिकाणी सोडून थर चढवतात. भेसळ साधारण पाच टक्क्यांच्या आत राहते, म्हणजे पहिल्याच थरात पाकिटावरची रचना मिळते, आणि खालच्या पोलादात पाणी दिलेला पट्टा अगदी चिंचोळा राहतो. जर्मनीत आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेने याचीच अतिवेगवान आवृत्ती विकसित केली. तिच्यात पावडर पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वी झोतातच वितळते, त्यामुळे २५ ते २५० मायक्रॉनचा पातळ थर मिनिटाला शेकडो मीटर वेगाने चढवता येतो. तिचा मुख्य रोख हार्ड क्रोम प्लेटिंगची जागा घेण्यावर आहे, कारण त्या प्लेटिंगला लागणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असून युरोपीय संघात २०१७ पासून त्याचे संयुग क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवान्याशिवाय वापरता येत नाही. हे तंत्र गोल, फिरत्या वस्तूंचे आहे. हॅमरला पाव मिलिमीटरचा थर देऊन उपयोग नाही. तिथे मिलिमीटरच्या हिशेबाने धातू जातो. मिलच्या रोलरच्या शाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग), पंपाचे स्लीव्ह, हायड्रॉलिकचे रॉड यांच्यासाठी मात्र ते उत्तम आहे. लेसरचे मशीन तुम्ही विकत घेऊ नये असे मी स्पष्ट सांगेन. त्याला वर्षभर काम लागते, आणि तुमचे काम हंगामी आहे. पुण्याकडे जॉबवर्क करून मिळते. दोन जर्नल तिथून करून आणा आणि हंगामभर लक्ष ठेवा.

एक पर्याय असा आहे की ज्यात आपल्या भागाला जन्मजात गती आहे, आणि ज्याकडे आपण पुरेसे पाहत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरासाठी. तेव्हापासून इथल्या ओतकाम करणाऱ्याला बीड (ओतीव लोखंड) कळते, आणि शेजारी कोल्हापूरची फाउंड्रीची पेठ आहेच. त्याच बिडाचे आजचे रूप म्हणजे ऑस्टेम्पर्ड डक्टाइल आयर्न, व्यवहारात एडीआय. गोलाकार ग्राफाइटचे बीड ८५० ते ९५० अंशांना तापवून, पाण्यात किंवा तेलात न बुडवता २३५ ते ४०० अंशांच्या वितळलेल्या मिठात बुडवायचे आणि तिथेच तास-दीड तास ते काही तास ठेवायचे. त्यात सुईसारख्या फेराइटच्या (लोखंडाच्या मऊ रूपाच्या) मधोमध कार्बनने भरलेले ऑस्टेनाइट (एरवी तापलेल्या लोखंडातच असणारे रूप) उरते. ही रचना चिवट असते, आणि वर मार बसला की पृष्ठभागावरचे ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होऊन तेवढाच थर आपोआप कठीण होतो. वजन पोलादापेक्षा सुमारे दहा टक्के कमी. त्यातच मुद्दाम थोडी कार्बाइडे ठेवली की कार्बाइडयुक्त एडीआय होते, आणि परदेशांत नांगराचे फाळ आणि शेतीच्या अवजारांची झिजणारी टोके त्याची बनतात.

यातली अडचण वेळेची आहे. मिठाच्या भट्टीत कमी वेळ ठेवले तर थंड होताना ठिसूळ मार्टेन्साइट होते, जास्त ठेवले तर ऑस्टेनाइट फुटून कार्बाइड पडते आणि चिवटपणा जातो. या दोहोंमधल्या खिडकीतच काम संपवावे लागते. मँगनीज थोडे वाढले तरी ही खिडकी अरुंद होते, कारण मँगनीज शेवटी गोठणाऱ्या भागात गोळा होते आणि तिथली क्रिया मागे पडते. म्हणून भंगारातून आलेल्या मँगनीजवर स्पेक्ट्रोमीटरने (धातूतली मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्राने) नजर ठेवणारी फाउंड्रीच हे करू शकते. एका फाउंड्रीने माझ्या भट्टीत दिलेला पहिला घाणा असाच वाया गेला. दोष मिठाचा धरून आम्ही चार दिवस घालवले आणि निघाले मँगनीज. मिठाबद्दल एक सूचना देणे माझे कर्तव्य आहे: नायट्रेटच्या वितळलेल्या मिठात ओला हॅमर बुडवू नये, पाण्याचा थेंबही स्फोटासारखा उडतो. ज्याला या कामाचा सराव नाही त्याने ही भट्टी स्वतः बसवू नये.

रचना बारीक करण्याच्या याच विचाराचा कळस म्हणजे नॅनो बेनाइट, अतिबारीक पट्ट्यांचे पोलाद. केंब्रिजमध्ये हर्षद भदेशिया आणि त्यांच्या सहकारी फ्रान्सिस्का काबाय्येरो यांनी सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का सिलिकॉन असलेले पोलाद २०० अंशांच्या आसपास कित्येक दिवस ठेवून त्यात २० ते ४० नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या मिळवल्या. कठीणपणा ६०० विकर्सच्या वर, तोही कोणतेही महाग मूलद्रव्य न घालता आणि झटकन पाणी न देता. सिलिकॉन कार्बाइड पडू देत नाही, हे यातले मर्म आहे. मला हे काम फार आवडते, कारण २०० अंश म्हणजे मिठाईवाल्याच्या भट्टीचे तापमान. पण दहा दिवस भट्टी अडवून ठेवणे तुम्हालाही परवडणार नाही आणि मलाही नाही, आणि अशा पोलादावर नंतर वेल्डिंग करणे अवघड आहे. मूळ हॅमर याचा करून त्यावर भरणी करायची, ही कल्पना सोडून द्यावी.

उरलेल्या नावांबद्दल थोडक्यात. हाय एन्ट्रॉपी मिश्रधातूंची कल्पना २००४ मध्ये तैवानचे जियेन-वेई ये आणि ब्रिटनचे ब्रायन कँटर यांनी वेगवेगळी मांडली: एका मुख्य धातूत चिमूटभर इतर काही घालण्याऐवजी चार-पाच धातू सारख्याच प्रमाणात घ्यायचे. क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट आणि निकेल यांचा कँटर मिश्रधातू उणे १९६ अंशांना, जिथे साधे पोलाद काचेसारखे फुटते, तिथेही चिवटच राहतो आणि त्याची ताकद उलट वाढते, हे २०१४ मध्ये दाखवले गेले. कामगिरी अपूर्व आहे. पण तुमचा हॅमर द्रव नायट्रोजनमध्ये फिरत नाही, आणि कोबाल्ट-निकेलच्या भावाने झिजून मातीत जाणारी वस्तू बनवणे शहाणपणाचे नाही. हा मिश्रधातू मुळात मऊच आहे.

धातूचे थ्रीडी प्रिंटिंग कुठे शोभते ते इस्रोने ९ मे २०२४ रोजी दाखवले. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे प्रिंट केलेले इंजिन त्यांनी ६६५ सेकंद चालवले. १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्डचे सांधे गेले, आणि ५६५ किलो कच्च्या मालाच्या जागी १३.७ किलो पावडर लागली. जिथे आकार गुंतागुंतीचा आणि प्रत्येक ग्रॅम मोलाचा, तिथे हे तंत्र आहे. हॅमर म्हणजे पोलादाचा ठोकळा. तो प्रिंट करून काय मिळणार? वाळूच्या साच्यांचे आणि कोरचे (ओतीव वस्तूत पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याचे) प्रिंटिंग मात्र फाउंड्रीवाल्यांनी जरूर पाहावे, कारण पंपाच्या इंपेलरसारखा अवघड कोर पॅटर्नशिवाय काही तासांत हातात येतो.

आणि संगणकाने शोधलेली लाखो द्रव्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने २२ लाख नवे स्फटिक भाकीत केले आणि त्यांतले ३ लाख ८० हजार स्थिर असतील असे सांगितले. त्याच वेळी बर्कलीच्या यंत्रचालित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ४१ नवी द्रव्ये बनवल्याचा दावा केला. पुढे स्फटिकशास्त्रज्ञांनी तिची मोजमापे तपासली तेव्हा त्यांतली बरीच नवी नव्हतीच, असा आक्षेप आला. त्याच वर्षी जुलैत कोरियातून आलेल्या एलके-९९ या तथाकथित अतिसंवाहकाचे (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या द्रव्याचे) तर महिन्याभरात बारा वाजले. विद्युतरोध अचानक पडत होता तो नमुन्यात भेसळ म्हणून राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, जे १०४ अंशांच्या आसपास आपली रचना बदलते. भेसळीने दिग्गजांना फसवले, तिथे पाकिटावरच्या ६० रॉकवेलने आपल्याला फसवावे यात नवल नाही. संगणकाचा आपल्या धंद्यात खरा उपयोग जुन्या पद्धतीचा आहे: अमुक रचनेचा धातू थंड होताना कोणत्या तापमानाला कोणते कार्बाइड किती पडेल, ही गणिते आता तयार प्रणालीवर होतात, आणि रॉड बनवणारे ती वापरतात. तुम्ही रॉड घेताना विक्रेत्याकडे ३० टक्के भेसळ धरून केलेले हे गणित मागा. ज्याच्याकडे ते असेल त्याचे बोलणे पुढे ऐकावे.

कोणताही रॉड निवडलात तरी हंगामात त्याची चाचणी नीट घ्यावी लागेल, नाहीतर "यंदा जरा बरे चालले" याखेरीज हाती काही लागणार नाही. प्रयोगशाळेत यासाठी रबराच्या चाकाखाली कोरडी वाळू सोडून नमुना घासण्याची जी-६५ चाचणी असते. ती दोन रॉडची क्रमवारी सांगते, पण तिची वाळू गारगोटीची, आणि तिच्यात रसाचा आंबटपणा नसतो. उसाच्या रसाचा पीएच पाचाच्या आसपास असल्याने मऊ भाग गंजून आणखी लवकर जातो. म्हणून खरी चाचणी रोटरवरच होते. एकाच ओळीत एक सोडून एक याप्रमाणे जुन्या आणि नव्या भरणीचे हॅमर लावावेत, म्हणजे दोघांना माती सारखीच मिळते. कडेचे आणि मधले हॅमर एकमेकांशी तोलू नयेत. प्रत्येकावर खुणेचा आकडा ठोकावा, लावताना आणि उतरवताना वजन करावे, आणि मधल्या काळात किती टन ऊस गळला ते कारखान्याच्या नोंदीवरून घ्यावे. हजार टनामागे किती ग्रॅम गेले, एवढा एक आकडा काढावा आणि तो रॉडच्या किमतीशी ताडून पाहावा.

वजनाबाबत हयगय करू नये. रोटरचा घेर दीड मीटर व्यासाचा आणि फेरे मिनिटाला १००० धरले तर हॅमरचे टोक सेकंदाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटर वेगाने फिरते, आणि टोकाशी १०० ग्रॅम जास्त भरणी झाली तर ती रोटरला ८० किलोहून अधिक जोराने एका बाजूला ओढते. समोरासमोरचे हॅमर वजनाने जुळवूनच लावावेत; चाचणीसाठी दोन प्रकार मिसळतानाही जोड्या फोडू नयेत. बेअरिंग गेले तर दोष तुमच्या भरणीवर येईल, आणि तो खरा असेल.

यंदा उतरवलेली टोके ग्राइंडरवर धरू नका आणि तारेच्या ब्रशने साफही करू नका. रस आणि माती चिकटलेली तशीच कोरड्या कापडात गुंडाळून, कोणत्या जागेवरचा हॅमर ते लिहून, जुन्या भरणीची दोन आणि नव्या भरणीची दोन अशी माझ्याकडे पाठवा. केन कॅरियरखालची बादलीभर मातीही त्यांच्यासोबत द्या.